नाणेघाट, कामसूत्र आणि मुंबईतला खटला

प्राचीन जगातल्या समलिंगी आणि उभयलैंगिक प्रेमाचा आधुनिक अभ्यास एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाला. त्याचा उगम ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात आणि ग्रीक-लॅटिन पंडितांत शोधण्याची पद्धत आहे. पण या अभ्यासाची दुसरी, तितकीच जुनी वाट मुंबईतून आणि ठाणे जिल्ह्याच्या डोंगरांतून गेली आहे. नाशिककडून कसाऱ्याला उतरणारा थळ घाट आणि जुन्नरकडून मुरबाड तालुक्यात वैशाखऱ्याला उतरणारा नाणेघाट या देशावरून कोकणात येणाऱ्या पुरातन वाटा. सातवाहनांच्या काळात माल याच वाटांनी सोपारा आणि कल्याणच्या बंदरांत येई आणि तिथून रोमन साम्राज्याच्या बाजारांकडे जाई. जुन्नरच्या लेण्यांत यवन, म्हणजे ग्रीक मानल्या गेलेल्या, दात्यांची नावे कोरलेली आहेत. पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याणचा उल्लेख आहे. ग्रीक-रोमन जग आणि सातवाहनांचा मुलूख असे एकमेकांना ओळखत होते. या दोन्ही जगांतल्या प्रेमव्यवहाराचा आधुनिक अभ्यासही जवळजवळ एकाच वेळी सुरू झाला.

नाणेघाटाच्या माथ्याशी कातळात एक लेणे खोदलेले आहे. त्याच्या डाव्या-उजव्या भिंतींवर लांबलचक ब्राह्मी लेख आहे आणि मागच्या भिंतीत एकेकाळी सातवाहन राजकुटुंबाचे पुतळे होते. आज त्यांच्या पावलांच्या खुणा तेवढ्या शिल्लक आहेत, पण वर कोरलेली नावे वाचता येतात: राजा सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि श्री सातकर्णी, एक महारठी, काही कुमार. भिंतीवरच्या लेखात यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापणे यांची जंत्री आहे, आकड्यांसकट. या आकड्यांवरून भारतीय अंकलेखनाचा इतिहास मांडणारा निबंध रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात १८७०च्या दशकात प्रसिद्ध झाला. त्याचे लेखक होते पंडित भगवानलाल इंद्रजी.

भगवानलाल १८३९ साली जुनागढला जन्मले. गिरनारचे शिलालेख लहानपणापासून त्यांच्या डोळ्यांसमोर होते. तरुण वयात ते मुंबईला डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याकडे आले आणि १८७४ साली भाऊ दाजींचे निधन होईपर्यंत त्यांच्यासाठी देशभर फिरून लेखांचे ठसे, नाणी आणि पोथ्या गोळा करत राहिले. १८८२ साली सोपाऱ्याचा स्तूप त्यांनी उकरला. त्याच वर्षी निघालेल्या मुंबई गॅझेटियरच्या ठाणे जिल्ह्याच्या खंडांत लेण्यांची आणि लेखांची माहिती मोठ्या प्रमाणात त्यांची आहे. ते गुजरातीत लिहीत आणि युरोपीय विद्वान ते इंग्रजीत आणत. नेपाळच्या शिलालेखांवरचा त्यांचा निबंध जर्मन संस्कृतपंडित ब्यूलरने असाच भाषांतरित केला. लायडन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. १८८८ साली मुंबईत त्यांचा मृत्यू झाला.

सातवाहनांचा शोध घेणाऱ्याला वात्स्यायनाच्या कामसूत्रापाशी यावेच लागते. त्या ग्रंथात कुंतल देशाच्या एका सातकर्णी सातवाहन राजाचे नाव आहे. रतिक्रीडेतल्या प्रहाराने त्याने आपल्या राणीचा, मलयवतीचा जीव घेतला, असे तिथे सांगितले आहे आणि तो दाखला अतिरेकाविरुद्धचा इशारा म्हणून दिला आहे. या उल्लेखामुळे कामसूत्र त्या राजानंतरचे ठरते. आज बहुतेक अभ्यासक ते इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आसपासचे मानतात. ग्रंथाचे दुसरे अधिकरण रतिविषयक असून त्याचा नववा अध्याय मुखसंभोगावर आहे. समलिंगी प्रेमाच्या भारतीय अभ्यासाचे केंद्र हाच अध्याय आहे, म्हणून तो जरा सविस्तर पाहायला हवा.

अध्यायाची सुरुवात तृतीया प्रकृतीपासून, म्हणजे स्त्री-पुरुषांपलीकडच्या तिसऱ्या प्रकृतीपासून होते. वात्स्यायन तिचे दोन प्रकार सांगतो: स्त्रीचे रूप घेणारी आणि पुरुषाच्या रूपात वावरणारी. पहिली गणिकेसारखी उपजीविका करते. दुसरी आपली इच्छा लपवून ठेवते, अंग रगडून देण्याचा व्यवसाय पत्करते आणि हळूहळू समोरच्या पुरुषाचा अंदाज घेत पुढे जाते. हा भाग वात्स्यायनाने पायरीपायरीने, बारकाव्यांनिशी लिहिला आहे. आधीच्या आचार्यांचा या कृतीला विरोध होता, हे तो नोंदवतो. मग साकेत, अहिच्छत्र, पाटलिपुत्र, शूरसेन अशा प्रदेशांतल्या लोकांच्या वेगवेगळ्या रीती देतो आणि अखेर देश, रीत आणि स्वतःची समजूत यांवर निर्णय सोपवतो. अध्यायाच्या शेवटाकडे एक छोटा उल्लेख येतो. एकमेकांचे भले चिंतणारे आणि एकमेकांवर पक्का विश्वास असलेले काही नागरक, म्हणजे शहरी रसिक, पुरुष परस्परांत हा व्यवहार करतात, असे तो सांगतो. अन्यत्र, अंतःपुराच्या प्रकरणात, पुरुषांवाचून राहणाऱ्या राजस्त्रिया आपल्या सखीला किंवा दासीला पुरुषवेश देऊन एकमेकींकडून तृप्ती मिळवतात, हेही त्याने लिहिले आहे.

विश्वासाने बांधलेल्या नागरकांचा तो उल्लेख एका श्लोकाएवढाच आहे, पण त्याचे मोल फार मोठे आहे. ग्रीक लेखनात पुरुषप्रेमाचा आदर्श बहुतेक वेळा विषम जोडीचा असतो: वयाने मोठा प्रियकर आणि त्याच्यापेक्षा बराच लहान प्रिय. रोमन लेखनात ही विषमता स्वामी आणि गुलाम यांच्यातली, आणि गुलामाच्या इच्छेला तिथे काहीच जागा नाही. वात्स्यायनाच्या या श्लोकात मात्र दोघेही प्रौढ, दोघेही नागरक, नाते मैत्रीचे आणि व्यवहार दोन्हीकडून सारखा. प्राचीन जगाच्या लिखित साहित्यात अशी नोंद सहजी सापडत नाही.

इतर संस्कृत ग्रंथांची भूमिका निरनिराळी आहे. मनुस्मृतीत पुरुषाने पुरुषाशी केलेल्या संबंधाला सचैल स्नानाचे, म्हणजे अंगावरच्या वस्त्रांसह आंघोळीचे प्रायश्चित्त आहे, तर कुमारिकेला दूषित करणाऱ्या स्त्रीला कठोर शिक्षा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दंड आहेत. सुश्रुतसंहितेने लैंगिक प्रवृत्तींची असेक्य, सौगंधिक, कुंभीक अशी वर्गवारी करून गर्भधारणेच्या वेळच्या कारणांशी तिचा संबंध जोडला. बौद्ध विनयात पंडक, म्हणजे रूढ पुरुषत्वात न बसणारी, मानल्या गेलेल्या व्यक्तीला भिक्षुसंघात प्रवेश नाही. म्हणजे एकाच काळात एक परंपरा प्रायश्चित्त सांगत होती, दुसरी शरीराची कारणे शोधत होती, तिसरी संघाचे दार बंद करत होती आणि चौथी शहरातली रीत जशीच्या तशी लिहून ठेवत होती. यातली एकच ओळ उचलून सगळ्या प्राचीन भारताची भूमिका ठरवणाऱ्याने बाकीच्या तीन परंपरा वाचलेल्याच नसतात.

कामसूत्र इंग्रजीत आणण्याचे काम मुंबईत जुळले. फॉस्टर फिट्झजेराल्ड अर्बथनॉट हा मुंबईचा कलेक्टर, बेळगावात जन्मलेला. प्रवासी आणि बहुभाषी रिचर्ड बर्टन त्याचा मित्र. १८७३ साली अनंगरंग हा दुसरा संस्कृत कामग्रंथ छापण्याचा त्यांचा प्रयत्न छापखान्याने घाबरून मध्येच सोडून दिला होता. कामसूत्रासाठी अर्बथनॉट भगवानलालांकडे वळला. उपलब्ध पोथी सदोष होती, म्हणून भगवानलालांनी काशी, कलकत्ता आणि जयपूरहून प्रती मिळवल्या, जयमंगला टीकेशी त्या ताडून पाहिल्या आणि पाठ सिद्ध केला. शिवराम परशुराम भिडे या तरुणाच्या मदतीने भाषांतराचा खर्डा झाला, अर्बथनॉटने त्याची मांडणी केली आणि बर्टनने भाषेवर हात फिरवला. १८८३ साली कामशास्त्र सोसायटी या नावाने, ग्राहकांपुरता, पुस्तकाचा छापा निघाला. इंग्लंडमध्ये १८५७पासून अश्लील प्रकाशनांचा कायदा होता, तेव्हा ही आडवाट घेण्यावाचून गत्यंतर नव्हते.

पुढची शंभर वर्षे ते पुस्तक बर्टनचे कामसूत्र म्हणूनच ओळखले गेले. पोथ्या जमवणाऱ्या, पाठ ठरवणाऱ्या आणि अर्थ लावणाऱ्या पंडिताचे नाव मुखपृष्ठावर आले नाही. हा भगवानलालांवर झालेला अन्याय आहे आणि तो तसाच म्हटला पाहिजे. दुसरी हानी मजकुराची झाली. तृतीया प्रकृतीला इंग्रजी पुस्तकात सरसकट षंढ, खच्ची केलेले पुरुष, असे रूप मिळाले. त्यामुळे इच्छेविषयीचा अध्याय शारीरिक व्यंगाविषयीचा वाटू लागला, आणि कित्येक पिढ्यांच्या वाचकांना मूळ ग्रंथात समलिंगी ओढीचे वर्णन आहे याचा पत्ताच लागला नाही.

त्याच १८८३ साली जॉन ॲडिंग्टन सायमंड्स या इंग्रज विद्वानाने ग्रीक नीतीतील एका समस्येवरचा आपला निबंध छापला, अवघ्या दहा प्रतींत. सायमंड्स भगवानलालांहून एका वर्षाने लहान. शाळेत असताना प्लेटोचे फीड्रस आणि सिंपोझियम हे संवाद त्याच्या हाती पडले आणि आपल्या मनात जे आहे त्याला एका थोर संस्कृतीत नाव आणि मान होता, हे त्याला तिथे कळले. हा निबंध त्याने १८७३ सालीच लिहून ठेवला होता. महाकाव्यातले अकिलीज आणि पॅट्रोक्लस, अथेन्सच्या जुलमी सत्तेवर घाव घालणारे हार्मोडियस आणि ॲरिस्टोगायटन, थीब्जचे प्रेमिकांच्या जोड्यांचे सैन्यदल असे पुरावे क्रमाने मांडून पुरुषप्रेम ग्रीक नागरी जीवनाचा एक घटक होता, हे त्याने दाखवले. इंग्रजीत या विषयावरचे हे पहिले गंभीर ऐतिहासिक लेखन. सायमंड्स विवाहित होता, मुलींचा बाप होता, आणि त्याच्या इंग्लंडात हे प्रेम गुन्हा होते.

बर्टननेही ‘अरेबियन नाइट्स’च्या आपल्या भाषांतराच्या शेवटी पुरुषप्रेमावर दीर्घ प्रकरण जोडले. भूमध्य समुद्रापासून इराण, सिंध, पंजाब, काश्मीर करत चीन-जपानपर्यंत एक पट्टा आहे आणि तिथल्या हवापाण्यामुळे ही प्रवृत्ती लोकप्रिय होते, असा त्याचा सिद्धांत. हिंदूंना मात्र तिचा तिटकारा आहे, असे त्याने त्यातच लिहिले. कामसूत्राचा नववा अध्याय ज्याच्या हाताखालून गेला त्याने असे लिहावे, यावरून त्या अध्यायाचा अर्थ किती झाकला गेला होता हे कळते. हवापाण्याचा सिद्धांत सायमंड्सने पुढे खोडून काढला. इच्छा भूगोलावर ठरत नाही, फक्त समाज तिला कुठे वाव देतो आणि कुठे दडपतो, असे त्याचे म्हणणे होते.

सायमंड्स १८९३ साली रोममध्ये वारला. हॅवलॉक एलिस या डॉक्टरबरोबर त्याने आखलेले समलिंगी प्रवृत्तीवरचे पुस्तक आधी जर्मनमध्ये आणि १८९७ साली इंग्रजीत निघाले. ग्रीसवरचा निबंध परिशिष्ट म्हणून त्यात होता. दोन वर्षांपूर्वीच लेखक ऑस्कर वाइल्ड अशाच संबंधांवरून तुरुंगात गेला होता. सायमंड्सच्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाने घाबरून प्रती विकत घेतल्या, पुढच्या आवृत्तीतून त्याचे नाव काढायला लावले आणि निबंधही गेला. १८९८ साली हे पुस्तक विकल्याबद्दल जॉर्ज बेडबरो याच्यावर खटला झाला. एलिसने पुढचे खंड अमेरिकेत छापले आणि ते जगभर पोहोचले, मुंबईलाही.

संस्कृतच्या बाजूलाही हीच भीती होती. पंडित दुर्गाप्रसाद यांनी १८९१ साली मुंबईत जयमंगलेसह मूळ कामसूत्र छापले, तेही खासगी वितरणापुरते. रिचर्ड श्मिटने १८९७ साली जर्मन भाषांतर केले, तेव्हा नाजूक जागा त्याने लॅटिनमध्ये ठेवल्या. लॅटिन कवी मार्शलच्या रचना इंग्रजीत आल्या, तेव्हा तसल्या जागी इटालियन मजकूर घातला गेला. विद्वानांनी विद्वानांसाठी लिहावे आणि बाकीच्यांनी वाचूच नये, अशी ही व्यवस्था.

ती मोडली मुंबईतल्या एका मराठी मासिकाने. रघुनाथ धोंडो कर्वे हे महर्षी कर्व्यांचे चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांनी विल्सन कॉलेजची नोकरी सोडली आणि जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले. मासिक १९५३ साली त्यांच्या मृत्यूपर्यंत चालले. वाचकांची पत्रे आणि त्यांना कर्व्यांची सरळ, आडपडदा नसलेली उत्तरे हा त्याचा गाभा होता. तालुक्याच्या गावातला एखादा तरुण जे कोणालाच विचारू शकत नव्हता ते इथे विचारत असे आणि पुढच्या अंकात त्याला उत्तर मिळत असे. १९३१ साली व्यभिचारावरच्या लेखासाठी कर्व्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ साली पुन्हा खटला भरला गेला, या वेळी पत्रोत्तरांवरून. वाचकांनी हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयी विचारले होते आणि कर्व्यांनी ते अनैसर्गिक किंवा अपायकारक ठरवले नव्हते.

या खटल्यात कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. गोलमेज परिषदा आणि पुणे करार यांची धामधूम नुकतीच मागे पडली होती. तरीही हे काम त्यांनी घेतले. लैंगिक विषयावर लिहिलेले सगळे अश्लील ठरत नाही, हा त्यांचा पहिला मुद्दा. वाचकांना प्रश्न पडतात, त्यांना ज्ञान देणे हे मासिकाचे कामच आहे आणि विकृती म्हणायचीच असेल तर ती ज्ञानानेच दूर होईल, हा दुसरा. समलिंगी ओढीविषयी त्यांनी हॅवलॉक एलिसच्या संशोधनाचा आधार घेतला आणि माणसात ती उपजत असेल तर तीत गैर काही नाही, अशी बाजू मांडली. लंडनमध्ये ज्या पुस्तकाच्या विक्रीवरून खटला झाला होता त्याच्या लेखकाचे नाव छत्तीस वर्षांनी मुंबईच्या न्यायालयात बचावाचा पुरावा म्हणून उभे राहिले. सायमंड्सने ग्रीसच्या इतिहासातून सुरू केलेला विचार एलिसमार्फत असा मराठी वाचकाच्या हक्काशी येऊन जुळला. कर्वे दोषी ठरले आणि त्यांना दोनशे रुपये दंड झाला. तरीही भारतीय न्यायालयात समलिंगी ओढीच्या बाजूने झालेल्या आरंभीच्या युक्तिवादांत आंबेडकरांचा हा युक्तिवाद गणला पाहिजे.

ग्रीक-रोमन अभ्यासाला नवी दिशा मिळाली ती १९७८ साली केनेथ डोव्हर यांच्या ग्रंथाने. डोव्हरनी शेकडो ग्रीक कलशांवरची चित्रे आणि अथेन्सच्या न्यायालयातले ईस्किनीज या वक्त्याचे टिमार्कसविरुद्धचे भाषण शेजारी ठेवून अभ्यासले. त्यांचा निष्कर्ष असा: अथेन्सच्या नागरिकाची अब्रू प्रेम पुरुषावर की स्त्रीवर यावर ठरत नसे. कोण कर्ता आणि कोण अधीन, कोणी पैशासाठी देह विकला, यावर ती ठरे. १९८०मध्ये जॉन बॉसवेल यांचा ख्रिस्ती समाजावरचा ग्रंथ आला, १९८४मध्ये मिशेल फूकोंचा लैंगिकतेच्या इतिहासाचा दुसरा खंड. समलिंगी माणूस हा वेगळा वर्ग एकोणिसाव्या शतकात घडला, प्राचीनांना तो ठाऊक नव्हता, हे फूको आणि त्यांच्यामागून डेव्हिड हाल्परिन यांनी मांडले. बॉसवेल यांना ते इतके सरसकट मान्य नव्हते. इटालियन विदुषी एवा कांतारेल्ला यांनी १९८८ साली उभयलैंगिकतेला मध्यभागी आणले: ग्रीक आणि रोमन पुरुष पत्नी, गणिका आणि तरुण यांच्याकडे एकाच आयुष्यात वळत आणि त्यात विसंगती मानत नसत. स्त्रियांचा पुरावा मात्र ग्रीक कवयित्री साफोच्या तुटक कवितांपलीकडे फारसा नाही. २००७ साली जेम्स डेव्हिडसन यांनी डोव्हरवरच टीका केली. सत्तेच्या हिशेबात ग्रीकांचे प्रेम हरवले, असा त्यांचा आक्षेप. तो बराचसा रास्त आहे.

या वादाने भारतीय ग्रंथांकडेही नव्या नजरेने पाहायला लावले. मायकल स्वीट आणि लेनर्ड झ्विलिंग यांनी १९९३ साली सुश्रुत आणि चरक यांच्या वर्गवाऱ्या तपासल्या आणि दाखवले की लैंगिक प्रवृत्तीचे वर्ग पाडून कारणे शोधण्याचे काम भारतीय वैद्यकाने युरोपच्या कितीतरी शतके आधी केले होते. फूकोपंथी मांडणीला हे मोठे आव्हान होते. गीती थडानी यांनी ‘सखियानी’ या पुस्तकात स्त्रियांच्या प्रेमाचा माग काढला. रूथ वनिता आणि सलीम किडवाई यांनी २००० साली वेदकाळापासून विसाव्या शतकापर्यंतच्या अनेक भाषांतल्या उताऱ्यांचा संग्रह प्रसिद्ध केला, आणि समलिंगी प्रेम पाश्चात्त्यांकडून आले या समजाला पुराव्यानिशी उत्तर मिळाले. वेंडी डॉनिगर आणि सुधीर कक्कर यांनी २००२ साली कामसूत्राचे नवे इंग्रजी भाषांतर केले. त्यात तृतीया प्रकृती पुन्हा तृतीया प्रकृती झाली.

कायदा या सगळ्याच्या मागून चालत होता. १८६०च्या दंडसंहितेतले, ‘अनैसर्गिक’ संबंधांना गुन्हा ठरवणारे ३७७ कलम १८६२पासून लागू होते. ग्रीक ग्रंथ शिकवणाऱ्या साम्राज्याने ते इथे आणले होते. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली प्रौढांच्या संमतीच्या खासगी संबंधांना त्यातून वगळले, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली तो निर्णय फिरवला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ते संबंध कायमचे गुन्ह्याबाहेर काढले.

मराठीत हे काम पुण्यातून पुढे गेले. बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि समलैंगिकतेवर मराठीत सातत्याने पुस्तके लिहिली. अनंत देशमुख यांनी र. धों. कर्व्यांचे समग्र लेखन संपादित केले. अजित दळवी यांनी लिहिलेले आणि अतुल पेठे यांनी बसवलेले ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक कर्व्यांचे खटले घेऊन महाराष्ट्राच्या गावोगावी गेले. मासिकाचे जुने अंक आता संगणकावर कोणालाही वाचता येतात, आणि ज्या पत्रोत्तरांसाठी १९३४ साली दंड झाला तो प्रश्नोत्तरांचा विभागही त्यांत आहे.